बदलीवाल्यांचं चर्च

नागपुरातली इंग्रजी अमदानीतली चर्चं ज्यांनी बांधली, त्यांच्यातल्या बहुतेकांना इथे राहायचंच नव्हतं. कमिशनर, पलटणीतले कॅप्टन, रेल्वेचे इंजिनिअर, तारखात्यातले साहेब. तीन-चार वर्षं काढायची, उन्हाळा लागला की पचमढीला पळायचं आणि बदलीचा हुकूम आला की पेटारे बांधायचे. हुकमाच्या आधी कॉलरा आला तर इथेच मातीआड व्हायचं. अशा माणसांनी दोन-दोन हात जाडीच्या भिंती कशाला उभ्या केल्या असतील, हा प्रश्न मला आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार झाल्यापासून जरा जास्तच पडतो. त्या भिंतींचा चुना आता आमच्या थैलीतून निघतो ना!

थैली म्हणजे रविवारच्या उपासनेत बाकाबाकावरून फिरते ती लाल मखमली पिशवी. उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर ती उपडी करायची, दोघांनी मिळून मोजायची, वहीत लिहायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. सुटे पैसे हल्ली कमी झालेत. दारापाशी क्यूआर कोडची पाटी लावल्यापासून तरुण पोरं मोबाइल दाखवून थैली पुढे ढकलतात. म्हाताऱ्या बाया मात्र अजून रुमालाच्या गाठीतून नोट काढतात, आणि खरं सांगायचं तर आमचं वीजबिल त्या गाठींवरच भरलं जातं.

चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही. छोटं आहे, गोऱ्या पलटणीच्या काळातलं आहे, सदर भागातल्या कॅथेड्रलचं, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचं, धाकटं भावंड म्हणा. बाहेरून पाहणाऱ्याला कमानी दिसतात, रंगीत काच दिसते. मला विचाराल तर आत जाऊन बाकांच्या पाठी बघा. ठरावीक अंतरावर लाकडात खाचा पाडलेल्या आहेत. पावसाळ्यात आमची पोरं त्यात छत्र्या अडकवतात आणि अख्खी उपासना होईस्तोवर त्या ओळीनं ठिबकत राहतात. खाचा मुळात बंदुकांसाठीच्या. १० मे १८५७ ला मेरठला उठाव झाला तो रविवारी, संध्याकाळच्या उपासनेच्या सुमाराला. त्याचा इतका धसका बसला की त्यानंतर गोऱ्या शिपायांनी चर्चमध्येही बंदूक घेऊनच बसायचं असा रिवाज पडला आणि छावण्यांतल्या चर्चमधल्या बाकांना खाचा आल्या. नागपुरात त्या वर्षीच्या जूनमध्ये घोडदळाचा उठाव होता होता राहिला होता, तेव्हा इथल्या साहेबांना धसका घ्यायला मेरठपर्यंत जायची गरजही नव्हती. शेजाऱ्यावर प्रीती करा हे वचन ऐकताना हाताशी भरलेली बंदूक. धर्म त्यांच्यासाठी काय होता, हे मला त्या खाचांतून जितकं कळतं तितकं भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांतून कळत नाही.

या चर्चचं मूळ सरकारी आहे, ही गोष्ट आपले लोक पटकन विसरतात. ख्रिस्ती म्हटलं की मिशनरी, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं चर्च नागपुरात आलं ते आधी रेसिडेन्सीच्या (भोसल्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीच्या) आणि पलटणीच्या मागून. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. त्या छावणीत पलटणी मद्रासच्या. कामठीत आजही मुदलियार घरं आहेत, ती त्याच ओघातली. नागपूरचे भोसले राजे तिसरे रघूजी, त्यांना मूल नव्हतं. १८५३ च्या डिसेंबरात ते गेले आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे इथवर पोचली. दर टप्प्याला साहेबांची संख्या वाढली आणि तितकी त्यांच्या चर्चमधली बाकं. पाद्री सरकारी नोकर होता. त्याला चॅपलेन म्हणत, पगार सरकारी तिजोरीतून, रजा आणि पेन्शन नियमानं. तहसीलदाराची व्हावी तशी त्याचीही बदली व्हायची. त्याचं काम गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि मौती. आजूबाजूच्या मराठी, गोंडी, तेलंगी माणसांशी बोलायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. एखादा बोलला तर तो त्याचा स्वतःचा चांगुलपणा.

सदरचं ऑल सेंट्स हे याच वस्तीचं चर्च. मुळातलं बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं, पुढे वाढवलेलं. १९०३ मध्ये आयर चॅटरटन नागपूरचे पहिले बिशप झाले आणि ऑल सेंट्स हे कॅथेड्रल झालं. हे गृहस्थ आयरिश. आधी हजारीबागला मिशनमध्ये होते, म्हणजे निव्वळ साहेबांचे पाद्री नव्हेत. त्यांच्या हाताखालचा मुलूख बघा: मध्य प्रांत, मध्य भारतातली संस्थानं आणि थेट राजपुताना. नागपूरच्या बिशपनं अजमेरला दृढीकरणाला, म्हणजे मंडळीतल्या पोरांचा बाप्तिस्मा पक्का करायला जायचं! हा माणूस २३ वर्षं त्या खुर्चीत होता. मधल्या काळात त्यांनी गोंडवनाच्या इतिहासावर एक पुस्तकही लिहिलं, १९१६ मध्ये छापून आलं. बदलीवाल्यांच्या चर्चमधला न बदललेला माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा आपुलकी आहे. त्यांच्यानंतरचे बिशप अलेक्स वुड तर आधी चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) मिशनात राबलेले, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे.

इथे आमच्या घरातला एक जुना गुंता येतो. नागपुरात स्कॉटिश म्हटलं की चांदा आठवत नाही, हिस्लॉप आठवतात. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा इथे अजून भोसल्यांचं राज्य होतं. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. या पंथात बिशप नाही, सरकारी पगार नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. फावल्या वेळात ते हातोडी घेऊन टाकळीच्या नि इतर ठिकाणच्या खडकांतून जीवाश्म वेचायचे, गोंडांची गाणी आणि शब्द उतरवून घ्यायचे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या नाल्यात घोड्यासकट उतरले आणि गेले. वय ४६ सुद्धा पुरं नव्हतं. त्या दिवशी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलही टाकळघाटला सोबत होते; हिस्लॉपांचे गोंडांवरचे कागद मागाहून त्यांनीच छापून काढले, म्हणून वाचले. मध्य प्रांताचा कारभारी आणि बिनपगारी पंथाचा मिशनरी मिळून जुने दगड बघायला जातात, हे दृश्य मला फार आवडतं. दोघांनाही त्या दिवशी ऑफिस नसावं.

माझी आजी या हिस्लॉपच्या बाजूची. सीताबर्डीच्या मिशन शाळेत शिकलेली आणि पुढे तिथेच शिकवलेली. लग्न होऊन आली ती ‘इंग्लिश चर्चवाल्यां’च्या घरात. माझे पणजोबा एका साहेबाकडे खानसामा होते. साहेबाची बदली झाली, पणजोबा इथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पंथ राहिला. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्ही मराठी, पण आजीला सासरची उपासना शेवटपर्यंत जड गेली. “यायच्यात उठबैस फार,” ती म्हणायची. “बसा, उठा, गुडघे टेका, पुन्हा उठा. देवाले ऐकू येत नाही का बसून बोललेलं?” छापील प्रार्थनेवर तिचा विश्वास नव्हता. पुस्तकातून वाचली ती प्रार्थना कसली, ती तर उजळणी, असं ती म्हणे. आजोबांचं उत्तर तयार असायचं: आपल्या मनानं प्रार्थना करायला लागलं की माणूस शेजाऱ्याच्या चुका देवाला सांगत बसतो, त्यापेक्षा छापील बरी. मला दोघांचंही पटतं. आमच्या मंडळीत आता उत्स्फूर्त प्रार्थनेची पद्धत आहे आणि आजोबांना जे वाटायचं ते दर बुधवारी घडतं.

हे भांडण घराघरात चाललेलं असताना वरच्या पातळीवर एकीची बोलणी चालू होती. १९२९ मध्ये लखनौला पहिली बैठक, १९५१ पासून रीतसर समिती, १९६५ मध्ये शेवटचा आराखडा. चाळीस वर्षं! बोलणी कशावर अडायची? बिशप असावा की नसावा. तान्ह्या बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यावा, की मोठं होऊन समजून उमजून घेतलेला बुडीचाच खरा. एका पंथात पाळक झालेल्या माणसाला दुसऱ्यानं पाळक मानावं का. बाहेरच्याला हे केस चिरणं वाटेल, पण घराण्याच्या वाटणीत तांब्याभांड्यावरून काय होतं ते आठवा. अखेर २९ नोव्हेंबर १९७० ला, रविवारी, नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. दक्षिणेत असंच १९४७ मध्ये झालं होतं, पण बाप्तिस्म्याचा हा प्रश्न तिथे एवढा पुढे आला नव्हता, कारण बॅप्टिस्ट त्या एकीत नव्हते.

अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट, जे संख्येनं मोठे होते, ते त्याच वर्षी अगदी शेवटच्या घटकेला मागे फिरले. नागपूरकरांना यातली गंमत जास्त कळते. त्यांच्या मंडळीच्या नावाची अख्खी वस्ती मेकोसाबाग म्हणून आपल्या शहरात, कॅथेड्रलपासून हाकेच्या अंतरावर आहे. लग्नाच्या पंगतीत आम्ही अजून त्यांना त्यावरून चिडवतो आणि ते म्हणतात, “तुमचे कोर्टातले खटले बघून बरं झालं असंच वाटते.” यावर आमच्याकडे उत्तर नाही. मिशनच्या जमिनींवरून विश्वस्तांत, गटागटांत चाललेले खटले हा एकीचा सगळ्यात कडू भाग आहे. साहेब गेला तो बंगले आणि मैदानं मागे ठेवून गेला. गावाबाहेरच्या त्या जमिनी आता भर बाजारात आल्या आहेत. देवाचं वचन सोडून सातबारा वाचणारी एक पिढी तयार झाली, एवढंच म्हणतो नि हा विषय सोडतो. मनस्ताप होतो.

एकीच्या दिवशी आजीनं काय म्हटलं ते आमच्या घरात म्हणीसारखं झालंय: “बिशप आला त येऊ दे, गाणे आपलेच राहतीन न?”

गाणी राहिली. हा भाग मला सविस्तर सांगायचाय, कारण आमचं चर्च मराठी झालं ते गाण्यांमुळे. इंग्रजी चर्चमधलं संगीत हवेच्या पेटाऱ्यावर, म्हणजे ऑर्गनवर चालायचं, आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात त्याची लाकडं तडकायची, चामड्याच्या भात्यांना भेगा पडायच्या. आमचा ऑर्गन केव्हाच मेला; त्याच्या पोटात आता नाताळचं सजावटीचं सामान असतं. त्याच्या जागी हातपेटी आणि तबला आला, आणि पेटीबरोबर नारायण वामन टिळक आले. टिळकांची आणि नागपूरची गाठ जुनी. ख्रिस्ती होण्याआधी ते इथल्या धनिक बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तोही बदलीवरच निघालेला असेल! टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग दिला, ओवी दिली, कीर्तन दिलं. ते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे अँग्लिकन मुळीच नव्हेत, पण ‘उपासना संगीत’ हे गाण्यांचं पुस्तक उघडलं की पंथ कुणाला आठवतो? आमच्या मंडळीत असे म्हातारे आहेत ज्यांना पुस्तक लागत नाही, नुसता आकडा पुकारला की पहिली ओळ तोंडात. आजी मरणाच्या आदल्या आठवड्यात, माणसं ओळखत नसताना, टिळकांची कडवी बरोबर म्हणत होती. आणि तालाच्या जागी पलंगाच्या पट्टीवर बोटं वाजवत होती, सासरच्या मंडळीत उठबैस करताना तिला जी मोकळीक मिळाली नाही ती घेऊन.

आता ज्या पाट्यांबद्दल वर बोललो त्यांच्याकडे वळतो. आमच्या भिंतींवर संगमरवराच्या, पितळेच्या पाट्या आहेत. वय २३, तापानं. वय ३१, घोड्यावरून पडून. बायको आणि ‘तान्हं बाळ’, एकाच आठवड्यात. वाचून जीव हळहळतो, खोटं कशाला बोलू. पण त्या पाट्यांवर आमचं कुणीही नाही. पंखा ओढणारा नाही, घंटा वाजवणारा नाही, ज्या दाईनं ते तान्हं बाळ हातात घेतलं असेल ती नाही. आमचे लोक सापडतात ते रजिस्टरात.

बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर उघडलं की रकाने असे: बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, आईबापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा हुद्दा किंवा धंदा, बाप्तिस्मा कोणी दिला. हुद्द्याच्या रकान्यातून बोट फिरवत खाली या. आधी नुसतं कॅप्टन, सार्जंट, असिस्टंट कमिशनर. मग रेल्वे येते: गार्ड, फायरमन, ड्रायव्हर, बहुतेक अँग्लो-इंडियन. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात ही कुटुंबं वाढली. आमच्या चर्चचं गायकवृंद त्यांच्या जिवावर उभं होतं. १९४७ नंतर तीही एकेक करून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. आणि मग त्याच रकान्यात खानसामा, शिपाई, कंपाउंडर, शिक्षिका, दाई. अक्षरही बदलतं. साहेबी तिरपं वळणदार अक्षर जाऊन मिशन शाळेतलं उभं, टोकदार अक्षर येतं. पणजोबांची नोंद त्यात आहे. ‘बटलर’ लिहिलंय, जन्मगावाची स्पेलिंग अशी केलीय की ते गाव आयर्लंडात असावं.

या रजिस्टरांच्या नकला तेव्हा वरच्या कार्यालयांत आणि तिथून लंडनला जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे हिवाळ्यात अधूनमधून कुणी गोरी बाई किंवा निवृत्त गृहस्थ हातात छापील कागद घेऊन दारात उभे राहतात. खापरपणजोबांची कबर शोधायची असते. आमचे चौकीदार त्यांना पाटी दाखवतात, चहा पाजतात. एकांनी जाताना चौकीदारांना विचारलं, तुमचे पूर्वज इथे कधीपासून? ते म्हणाले, “आमी काय, इथलेच.” याहून नेमकं उत्तर आमच्या कमिटीतल्या कुणाला सुचलं नसतं.

‘इथलेच’ असणं सोपं नव्हतं, हेही लिहायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. आमच्या गोतावळ्यातली एक शाखा तेव्हा त्या मैदानावर होती, आणि दुसरी चर्चमध्येच राहिली. दोन्ही शाखांचं मूळ गाव एक, आडनाव एक, गावकुसाबाहेरची जागा एक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे एकाच पणजीच्या पोटच्या दोन नातवांत एकाला प्रमाणपत्र आणि दुसऱ्याला नाही. मंडळीत या विषयावर उघड कुणी बोलत नाही. व्यासपीठावरून ‘ख्रिस्तात सर्व एक’ म्हणायचं आणि लग्न जुळवताना मूळ गाव विचारायचं, हे आमच्याकडेही चालतं. साहेबांच्या पाट्या लावलेल्या आहेत तशी एखादी पाटी याचीही लावावी असं मला रागानं वाटतं. पण १४ ऑक्टोबर आला की आमच्याकडचे तरुण दीक्षाभूमीच्या वाटेवर पाण्याचा स्टॉल लावतात. त्यात आत्याची नातवंडं असतात, तिकडची आणि इकडचीही.

मंडळीचं खरं रूप बघायचं असेल तर नाताळला येऊ नका, नाताळला सगळेच चांगले कपडे घालून येतात. हंगामाच्या सणाला या. पिकं घरात आली की प्रत्येकानं आपल्या शेतातलं, परसातलं, नाहीतर सरळ बाजारातलं काहीतरी आणून वेदीपाशी ठेवायचं. तूर, सोयाबीन, ज्वारीची कणसं, आंबिया बहाराची संत्री, कोहळं, एखादी कोंबडी पाय बांधून. शहरातली माणसं बिस्किटाचे पुडे आणतात. उपासना झाली की आवारात कडुनिंबाखाली लिलाव. लिलाव पुकारणारे आमचे एक निवृत्त पोस्टमन आहेत, आवाज असा की सदरच्या बाजारातले भाजीवाले थबकावेत. एक कोहळं पन्नासला सुरू होतं. कुणीतरी शंभर म्हणतं. त्यावर ज्याच्याशी गेल्या वर्षी कमिटीच्या निवडणुकीत वाजलं होतं तो दीडशे म्हणतो, आणि मग विषय कोहळ्याचा राहत नाही. सहाशेला सुटतं. घेणारा ते उचलतो, मिरवतो आणि परत टेबलावर ठेवतो: “चर्चले दान. पुन्हा पुकारा.” तेच कोहळं पुन्हा विकलं जातं. दुपारपर्यंत त्याची सालं निघायच्या बेतात येतात, पण छताच्या दुरुस्तीला हातभार लागलेला असतो. सरकारी तिजोरीतून चाललेलं चर्च एका कोहळ्यावर चालायला लागलं, हा आमचा खरा इतिहास आहे. शेवटी ते कोहळं एखाद्या विधवा बाईच्या घरी जातं, पैसे न घेता.

नाताळची तयारी मात्र नोव्हेंबरातच सुरू होते. केकसाठी मनुका, काजू, टुटीफ्रुटी भिजत घालायची आणि त्यात संत्र्याची पाकवलेली साल. नागपूरचा केक असेल तर साल हवीच, पांढरा भाग खरवडून काढलेली, नाहीतर कडू होते. ओव्हन घरोघर आले तरी आमच्याकडच्या बाया अजून बेकरीतच जातात. आपलं पीठ, आपली अंडी, आपलं लोणी घेऊन रांगेत बसायचं, भटारखान्यातल्या पोराकडून समोर फेटून घ्यायचं, टिनांत ओतायचं आणि वर नावाची चिठ्ठी खोचायची. चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीवरून मैत्र्या तुटलेल्या आहेत. घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, म्हणजे दिवाळीतलेच पदार्थ. शेजारच्या काकूंकडून गेलेलं ताट भरून परत जायला हवं ना. चोवीसच्या आधीचे आठ-दहा दिवस घरोघरी गाणी म्हणत फिरायचं. पूर्वी कंदील आणि ढोलकी घेऊन पायी फिरायचे, आता टेंपोतून. त्याच दिवसांत विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असतं, अर्धे रस्ते बंद, मोर्चे. एकदा आमचा टेंपो एका मोर्चात अडकला तेव्हा आमच्या पोरांनी तिथेच पेटी काढून दोन गाणी म्हटली आणि मोर्चेकऱ्यांनी ताल धरला. कुठल्या मागणीचा मोर्चा होता ते कुणालाच आठवत नाही.

आता हिशेब उलटा फिरायला लागलाय. इतकी वर्षं मागे राहिलेली माणसं आमची, पण आता पोरं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला. माझाच मुलगा पुण्यात आहे. नाताळला येतो, तीन दिवस राहतो, साहेबासारखा निघून जातो. रविवारी बाकं रिकामी दिसतात आणि पुढच्या ओळींत पांढरी डोकी. तेवढ्यात मागच्या बाकांवर वेगळीच माणसं बसायला लागली आहेत: मिहानच्या उद्योगनगरीत नोकरीला आलेली, एम्समध्ये लागलेल्या ओडिया आणि मल्याळी नर्सा, छत्तीसगडहून आलेली बांधकामावरची कुटुंबं, शिकायला आलेली मिझोरामची पोरं. करारावरची, बदलीवरची. दोन-तीन वर्षं राहतील नि जातील. गेल्या वर्षीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बघितल्या तर राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात बहुतेक ‘भाड्याने’ असा शेरा आहे.

जुन्यांना हे फारसं रुचत नाही. “हे लोक थैलीत टाकतात, पण कमिटीत राबायला कोण येते?” असं एका आजोबांनी सभेत विचारलं. उत्तर एका ओडिया नर्सबाईनं दिलं, मोडक्यातोडक्या मराठीत: कमिटीच्या सभा दुपारी असतात, तिची तेव्हा ड्यूटी असते, सभा रात्री आठला ठेवा, येते. सभा रात्री आठला ठेवली गेली. ती आली, आणि आल्या आल्या तिनं विचारलं की नाताळच्या कार्यक्रमात मराठी सहा, हिंदी तीन, इंग्रजी दोन गाणी आहेत, तर ओडिया एक का नाही. ठराव पास झाला. कोणतं मराठी गाणं वगळायचं यावर आम्ही तिसरी सभा घेतोय, आणि कुणीही आपलं गाणं सोडायला तयार नाही. मी खजिनदार म्हणून एवढंच सुचवलं आहे की कार्यक्रम दहा मिनिटं लांबवावा, जनरेटरचं डिझेल मी बघतो.